तडीपार भावाची कानपिळणी

मिरज,
बुधवार (बहुतेक)

तीर्थस्वरूप आकाराम मामांस ऋषिराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

चार महिने पत्र लिहिलं नाही, ते निव्वळ आळसानं. (एक चांगलं कारण शोधून ठेवलं होतं, ते विसरलो.) तुमचा गुडघा कसा आहे? फौजेत झिजवला तेवढा पुरे होता, आता शिरवळच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहून उरलेला कशाला झिजवता? मी इथं तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे वाळत घालतो. भोपळा वाजवून बघायची एक युक्ती असते, म्हणजे बोटानं... पण ते राहू दे.

मामा, सरकारनं मला सातारा जिल्ह्यातनं वर्षासाठी तडीपार केलं होतं. मला! कागदात लिहिलेलं, माझ्या दहशतीनं गाव कड्या घालून बसतं. (आमच्या दाराला कडीच नाही, तुम्हाला ठाऊक आहे.) मिरवणुकीत ढोल बडवल्याच्या दोन केसेस, आणि 'अ' व 'ब' असे दोन गुप्त साक्षीदार. म्हणे चैत्रात मी कालव्यावर कोयता घेऊन लोकांना अडवलं. चैत्रात मी हळदीच्या ट्रकवर क्लीनर होतो, पंजाबात.

नोटीस घेऊन आला विश्वजीत हवालदार. भला माणूस. जिल्ह्याच्या हद्दीवर सोडताना वडापाव चारला. पुढं मी चोरून परत आलोय का, हे तपासायला तो आठवड्यातनं तीनदा आमच्या घरी जायचा आणि आपली शिवांजली त्याला चहा द्यायची. मी काही सापडलो नाही, पण लग्न ठरलं.

आता नवरीचा भाऊ मी. नवऱ्याचा कान मीच पिळायचा, आणि कान कुणाचा, तर मी हद्दीत दिसलो की मला आत घालणाऱ्याचा! फोन केला, तर म्हणाला, "मेव्हणं, कान तुमचाच हाय. पर पाय टाकलासा की धरावं लागंल. मांडवात असला तरी." (राग आला, आणि बहीण चांगल्या घरी पडली असंही वाटलं.)

वकील शरयूताई म्हणाल्या, लग्नापुरती दोन दिवसांची परवानगी मिळेल. आई कडाडली, "सख्खा भाऊ परवानगी काढून येतोय व्हय? पाव्हणा हाय का त्यो?" मग गेलो कोल्हापुरात, हायकोर्टात. (आता ते तिथंही बसतं.)

मला वाटलेलं, तिथं आरडाओरडा असेल. जजसाहेब नुसती पानं उलटत होते. (पंखा मात्र आवाज करत होता, आमच्या गिरणीसारखा.) पंजाबातल्या वजनकाट्याच्या पावत्यांवर माझ्या सह्या होत्या. त्या बघून त्यांनी विचारलं, "मग कालव्यावर कोण होतं?" सरकारी वकील पाणी प्याले. साहेब पुढं जे बोलले, ते मी तळहातावर लिहून आणलं. सरकारला धोक्याचा माणूस बाहेर काढता येतो, पण तो धोक्याचा आहे का, हे आधी बघावं लागतं; आपल्या घरी राहणं ही कुणा अधिकाऱ्यानं दिलेली सवलत नव्हे. हुकूम रद्द!

मामा, जन्मभर सगळ्यांनी विचारलं, भटकून काय मिळवलंस? हे मिळवलं. आनंदात मी पट्टेवाल्याच्या पाया पडलो.

लग्न बारा तारखेला, औंधला, यमाईच्या पायथ्याशी. मेडलं लावून या.

तुमचा लाडका (आता कायदेशीर) भाचा,
ऋषिराज

ता. क. खरं काम हे आहे. आईनं माझ्यासाठी गमबूट आणलेत. म्हणते, "आता कोर्टाचाच हुकूम हाय, घरी ऱ्हायचं आन् उसाला पाणी पाजायचं." कोर्टानं राहता येईल म्हटलंय, राहिलंच पाहिजे असं म्हटलेलं नाही, एवढं तिला समजावा. ती तुमचंच ऐकते.

ता. क. २. लिहिता लिहिता विश्वजीत दारात उभा राहिला, वर्दीत! कागदाखाली मांडीवर धरलेला भोपळा घरंगळला. म्हटलं, दुसरी नोटीस. त्यानं टोपी काढली, हळूच दार लोटलं आणि म्हणाला, "मेव्हणं, डाव्या कानात लय ठणका हाय. उजवा धरा, गड्या." मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, दाजी, घाबरू नका. आधी नोटीस देईन, तुमची बाजू ऐकून घेईन, मगच पिळीन.