पाच कुंड्यांचा पहारा

२० डिसेंबर २००४

नऊ वर्षं दुसरा नंबर! परीक्षकांना दिसत नसेल तर चष्मे मी करून देतो. यंदा पहिलाच आणणार. जानेवारीअखेर प्रदर्शन. पाच कुंड्या, पाचही जांभळे डेलिया, फूल जेवणाच्या ताटलीएवढं. शेणखत घालून झालं, पेंडीचं पाणी घालून झालं, काठ्या बांधल्या.

आणि शेजारचा बंगला पाडून सात मजले चढवले आय.टी.वाल्यांसाठी! माझ्या बागेतलं ऊन अकरालाच आटोपतं. कुंड्या दिवसातून दोनदा सरकवतो – चौसष्टाव्या वर्षी. पुण्यात आता ऊनसुद्धा बिल्डरला विचारून येतं.

२२ डिसेंबर

बाजूच्या कळ्या खुडल्या. एका झाडावर एकच कळी ठेवायची, बाकीच्या नखाने खुडायच्या, म्हणजे झाडाचा सगळा जोर त्या एका फुलात उतरतो. विमला म्हणाली, "मी करू का मदत?" अजिबात नको! तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात हजार तारांतून एक बिघडलेली तार शोधत होतो. पाच कळ्या मला जड नाहीत.

२५ डिसेंबर

कळ्या खुडायला घेतल्या. कधीच व्हायला हवं होतं हे काम, पण या घरात निवांतपणा कुठे! लेकीच्या, सोनालीच्या, कंपनीची गाडी सुट्टीच्या दिवशीही सहापासून हॉर्न वाजवते. एक कुंडी झाली तेवढ्यात विमलाची हाक – गॅसवाला आलाय. बाकीच्या राहिल्या.

२६ डिसेंबर

चोरी!! कोपऱ्यातल्या कुंडीतली कळी गेली. नुसता देठ उभा. समोरचे गोपाळकृष्ण रोज पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन लोकांच्या कुंपणावरून पूजेची फुलं गोळा करत हिंडतात. दुसरं कोण असणार?

२९ डिसेंबर

विमला हल्ली भलतंच बोलते. चहा मागितला तर म्हणे, "अहो, आत्ताच झाला की तुमचा." आणि वर कप दाखवला. प्यायलं असेल कोणीतरी! तरातरा बागेत निघून गेलो. दोन कुंड्यांच्या कळ्या खुडल्या तेव्हा डोकं शांत झालं. निदान झाडं तरी उलट बोलत नाहीत.

३० डिसेंबर

आणखी दोन गेल्या! आता सोडत नाही. फाटकावर पाटी लावली – "येथील कळ्या पूजेसाठी नाहीत. चोरलेले चालते का, हे आधी देवास विचारून यावे."

तासाभरात गोपाळकृष्ण दारात. "दशरथराव, तुमची रस्त्यावर आलेली तगर तेवढी घेतो मी, तीही वहिनींना विचारून. हिरव्या कळ्या नेऊन काय करू? भाजी?" मी म्हटलं, "काय करता ते आपल्यालाच ठाऊक." बावीस वर्षांची ओळख. पाठ फिरवून गेले. विमला आत जाऊन रडली. का, कोण जाणे!

३ जानेवारी २००५

सोनाली म्हणते, "बाबा, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? जस्ट रुटीन." वा! चोर मोकाट, आणि तपासणी माझी!

विमला म्हणते, "नखं बघा तुमची." बघितली. हिरवी आहेत. बागेत राबणाऱ्याची हिरवीच असतात!

दुपारी कळ्या खुडायला बसलो. दमलो, एका कुंडीवरच थांबलो.

४ जानेवारी

चौथी गेली. भरदिवसा! एकच उरली. त्या कुंडीसमोर खुर्ची टाकून बसलोय. आता या म्हणावं.

७ जानेवारी

तीन दिवस पहारा. कोणी फिरकलं नाही. घाबरले! विमलाही जेवणाचं ताट घेऊन माझ्याजवळच बसते, हलत नाही. कळी सुपारीएवढी झालीय, टोकाला जांभळी रेघ दिसते. पंधरवड्यापूर्वीच असा बसलो असतो तर पाचही वाचल्या असत्या, या विचाराने अंगाचा तिळपापड होतो. तरी एक पुरे. पहिला नंबर एकाच फुलाला मिळतो.

९ जानेवारी

हद्द झाली! कुंडीपाशी वाकलो होतो, तर विमला स्वयंपाकघरातून धावत आली, पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. "अहो, ती नको! शेवटची आहे." मी म्हटलं, "मला शिकवतेस? बाजूच्या खुडतोय." तर म्हणते, "बाजूला एकही नाही आता. तुम्ही बावीस तारखेलाच खुडल्यात सगळ्या."

बावीसला! मी केलेलं काम मला ठाऊक नसेल? रोजचं रोज वहीत लिहितो मी. मागची पानं काढून तिच्या तोंडापुढेच धरतो.

१० जानेवारी

पानं वाचली. बावीस. पंचवीस. एकोणतीस. तीन. अक्षर माझंच आहे.

पाटी काढली. कुंडी विमलाच्या ताब्यात दिली. गोपाळकृष्णांची माफी मागायला उद्या सकाळी जायचंय – आठवण करायला तिला सांगून ठेवलंय.