पॅरालीगल व्हायला काय लागतं

२ जून
सकाळी दूध आणलं. बँकेत जाऊन आलो. दुपारी झोप नाही. संध्याकाळी हिच्या ऑफिसात जाऊन हिचा डबा, छत्री आणि चष्म्याची केस घेऊन आलो. वकीलबाई म्हणाल्या, भाऊजी, मीच पाठवणार होते, पण ड्रॉवर उघडायला मन होईना. ही गेली फेब्रुवारीत. खिडकीजवळची हिची खुर्ची अजून तशीच आहे. बाई माणूस शोधतायत. म्हणाल्या, चांगला पॅरालीगल मिळणं फार अवघड झालंय. वीस वर्षं तिच्या जिवावर मी निवांत होते.

परत येताना बसमध्ये निर्णय झाला. मी पॅरालीगल होणार.

हिचा याच्याशी संबंध नाही. रिटायर झालेल्या माणसाने काहीतरी करत राहावं, एवढंच.

३ जून
चौकशी केली. कोर्सच्या पत्रकाप्रमाणे लागतं ते असं. कुठल्याही शाखेची पदवी. ती आहे. बी.कॉम. दुसऱ्या प्रयत्नात झालो, पण पत्रकात प्रयत्न विचारलेले नाहीत. मग सहा महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स, कॉम्प्युटरवर टायपिंग, एखाद्या वकिलाकडे तीन महिने प्रत्यक्ष काम, ते नीट केल्याची वकिलाची सही, आणि शेवटी परीक्षा.

अवघड काही नाही. कारखान्यात मी आयुष्यभर स्टोअरकीपर होतो. नट-बोल्ट काय नि कागद काय, जागच्या जागी असले म्हणजे झालं. शिवाय ही रोज जेवताना ऑफिसातलं सगळं सांगायची. म्हणजे निम्मा कोर्स घरीच झालेला आहे. डिसेंबरपर्यंत मी त्या खुर्चीवर. माझ्या पाठीला तशीच सरळ खुर्ची लागते.

मुलीला फोनवर सांगितलं. म्हणाली, बाबा, तुमचं लाइट बिल अजून मी भरते. मग म्हणाली, आणि आईच्याच ऑफिसात का? मी म्हणालो, जवळ पडतं. दोनच बस बदलाव्या लागतात.

१६ जून
कोर्सचा पहिला दिवस. सगळी विशी-बाविशीची मुलं. शेजारच्या बॉबकटवालीने विचारलं, काका, तुम्ही कुणाला सोडायला आलात?

सर शिकवतात बरे. पॅरालीगल वकिलाची सगळी तयारी करतो. कागद जमवतो, मसुदे टाइप करतो, तारखा सांभाळतो, अशिलांशी बोलतो. फक्त सल्ला देत नाही. तो वकिलाने द्यायचा. मी हात वर करून म्हणालो, हे मला माहीत आहे. आमच्या हिला कुणीही काही विचारलं की ती म्हणायची, बाईंना विचारून सांगते. घरीसुद्धा. चहा घेणार का विचारलं, तरी म्हणायची, बाईंना विचारून सांगते. आणि हसायची.

वर्ग खूप हसला. मला पाणी प्यायला बाहेर जावं लागलं. त्या वर्गात पंखे फार कमी आहेत.

९ जुलै
टायपिंगची टेस्ट. मिनिटाला अकरा शब्द. पस्तीस लागतात. सर म्हणाले, काका, तो कीबोर्ड आहे, त्याने काही केलेलं नाही, हळू मारा. माझ्या मते कीबोर्डच कडक आहे.

उद्यापासून रोज पहाटे एक तास टायपिंग.

१० जुलै
जाग आली नाही. उद्यापासून.

११ जुलै
जाग आली, पण नुसता पडून राहिलो. पलंगाच्या या बाजूने उठायची सवय नाही. सोमवारपासून.

४ ऑगस्ट
प्रत्यक्ष काम सुरू. बाईंच्याच ऑफिसात. त्यांनी आधीच सांगितलं, इथे मी भाऊजी म्हणणार नाही हं, ओरडायचं झालं तर अडचण होते. माझ्याबरोबर बॉबकटवालीलाही घेतलंय. तिला टेबल मिळालं. मला झेरॉक्स मशिनजवळचं स्टूल.

मी म्हणालो, खिडकीजवळची खुर्ची रिकामीच आहे. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची. तोवर कुणालाच देत नाही.

म्हणजे प्रश्नच मिटला.

दुपारी एका फाइलला पानांचे नंबर घातले. बॉलपेनने, ठसठशीत. मग कळलं की मध्ये चार पानं घालायची होती, आणि म्हणूनच नंबर पेन्सिलने घालतात. बॉबकटवालीने बसून सगळी पानं पुन्हा केली. आकडे माझेच सुंदर होते.

जुन्या फायलींच्या पाठीवर हिचं अक्षर आहे. काही काढून पाहिल्या. अभ्यास म्हणून.

१८ ऑगस्ट
कालपासून ऑफिसात तासभर आधी जातो. झाडणारी मावशी म्हणाली, भाऊ, इतक्या लवकर काय करता? म्हणालो, फायली वाचतो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीजवळची धूळ पुसायची ठेवून बाहेरच्या खोलीत गेली. समंजस बाई आहे.

२९ ऑगस्ट
आजचा दिवस चांगला. लिहून ठेवतो.

बाई कोर्टात, बॉबकटवाली स्टॅम्प आणायला गेलेली. एक सुतार आले. खालच्या कोर्टात केस हरलेत, वर्कशॉप रिकामं करायचा हुकूम आहे. वर अपील करायचंय, त्याला तीस दिवसांची मुदत. कागद तयार होते, फक्त सह्या हव्या होत्या. मी खुणा केलेल्या जागा दाखवल्या.

त्यांनी पेन घेतलं आणि तसेच बसले. म्हणाले, साहेब, पंधरा दिवसांपूर्वी बायको गेली. पॉलिश तीच करायची. आता ते वर्कशॉप मला हवंय की नकोय, तेच कळत नाही. जो तो म्हणतो ऊठ, सही कर. कसं उठू?

मी म्हणालो, घाई करू नका. मनाची तयारी झाली की या. कागद इथेच आहेत, कुठे जातायत?

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला कुणी साहेब म्हटल्यालाही बरेच दिवस झाले होते. या कामात माणसाशी बोलता आलं पाहिजे. नुसतं टायपिंग येऊन भागत नाही.

फाइल मागच्या रॅकवर ठेवली. स्टोअरचा साधा नियम, ज्या मालाला हालचाल नाही तो मागे. बाईंना सांगायचं राहिलं. पण सांगण्यासारखं घडलं काय होतं?

१५ सप्टेंबर
कोर्सची चाचणी. उत्तम गेली. तीन प्रश्न राहिले, पण ते अभ्यासक्रमाबाहेरचे असावेत. एक मुदतींवर होता.

२२ सप्टेंबर
सुतार आज आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, साहेब, झाली मनाची तयारी.

बाई समोरच होत्या. त्यांनी फाइल मागवली. या ऑफिसात मागच्या रॅकवर काम पूर्ण झालेल्या फायली जातात. तिथली फाइल कुणी उघडत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर त्या दिवशी माझं लक्ष नसेल.

बाईंनी तारीख पाहिली. तीस दिवस उलटून गेले होते. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, यांना थांबायला कुणी सांगितलं?

सुतार म्हणाले, साहेबांना काही बोलू नका. सगळे मला ऊठ म्हणत होते, हे एकटे थांब म्हणाले.

२३ सप्टेंबर
वर्कशॉपला कुलूप लागलं. हत्यारं आत. सुतार फूटपाथवर करवतीशिवाय बसलेत, असं बॉबकटवाली सांगत होती. मला नव्हतं सांगत, फोनवर कुणाला तरी.

एक मार्ग आहे. विलंब माफीचा अर्ज. उशीर का झाला ते कोर्टाला शपथेवर सांगायचं, पटलं तर कोर्ट उशीर माफ करतं. बाई म्हणाल्या, अशील आजारी होता असं बरेच जण लिहितात. सोपं आहे, तुमचं नावही येणार नाही. पण ते खोटं आहे, आणि पकडलं गेलं तर वर्कशॉप गेलंच. खरं लिहायचं, तर ते तुम्हाला लिहावं लागेल. आणि मग तुमच्या ट्रेनिंगवर मला सही करता येणार नाही. चुकीचा सल्ला दिला म्हणून ज्याचं शपथपत्र मीच कोर्टात लावलं, त्याचं काम नीट आहे असं कसं लिहू?

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

विचार केला. माझी बाजू अशी. मला पुरेसं शिकवलेलं नाही. रॅकवर पाटी नव्हती. तो सल्ला नव्हता, धीर होता. सुतार आजारी नव्हते असं तरी कसं म्हणायचं? ज्याची बायको गेली तो माणूस आजारीच. बाजू भक्कम आहे. उद्या बाईंना मांडतो.

२४ सप्टेंबर
मांडली नाही. सुतार दारात उभे होते. हात रिकामे असले की त्यांना कुठे ठेवावेत ते कळत नाही.

शपथपत्र मीच टाइप केलं. कुणाची मदत घेतली नाही, त्यामुळे दुपार गेली. नाव, वय, पत्ता, मग मजकूर. मी सदर कार्यालयात प्रशिक्षणार्थी असून अशिलास मी सही करण्यास थांबवले. तसा मला अधिकार नव्हता. कारणाच्या जागी बराच वेळ थांबलो. मग लिहिलं, माझ्या पत्नीचे निधन झाल्यापासून, माणूस थांबला तर बाकीचेही सर्व थांबते असा माझा समज होता. तो समज चुकीचा आहे.

बाईंनी वाचलं. खोडायला घेतलेली पेन्सिल खाली ठेवली. माझा कागद काही न खोडता परत आला, तो हा पहिलाच.

पानांचे नंबर पेन्सिलने घातले. सह्या केल्या. मावशीने चहा आणला होता, तो तसाच राहिला.

१७ ऑक्टोबर
ऑफिसात जाणं शपथपत्राच्या दिवशीच थांबलं. आज बाईंचा फोन. भाऊजी, उशीर माफ झाला. अपील दाखल झालं, कुलूप निघालं. निकालाला वेळ लागेल, पण सुतार कामाला लागलेत. मी म्हणालो, छान. त्या म्हणाल्या, या एकदा घरी जेवायला. मी म्हणालो, येतो.

नंतर बॉबकटवालीचा फोन आला. काका, बाई मला खिडकीजवळ बसायला सांगतायत. बसू ना?

मी म्हणालो, बस की. कुणीतरी बसायलाच हवं.

  मग दोघांनी एकदमच ठेवतो, ठेवते म्हटलं.

कोर्सला आता जाण्यात अर्थ नाही. सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, पुढच्या बॅचला पुन्हा या. नाही म्हणालो. मी तिथे काय व्हायला गेलो होतो, ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला घेतली. एक बाही झाल्यावर लक्षात आलं, उद्या कुठे जायचं नाही. दुसरी बाहीही केली. कॉलर केली. शर्ट हँगरला लावला आणि इस्त्री गार व्हायला खिडकीत ठेवली.