परत मागितलेलं वाण

बोरगाव, ९ फेब्रुवारी २०२६

चि. मानसीस आजीचे अ. उ. आ.

मी सांगून राहिली, तुझी आई लिहून राहिली. अक्षर कसं आहे ते तूच पाहाय, मले सारेच सारखे दिसतात. तू पांढुर्ण्यात शेतकीची मास्तरीण झाली, आता आजीच्या एका काट्याचं उत्तर दे.

पाकिटात पान आन फूल ठेवलं. हे धुऱ्याधुऱ्यावर, शेताच्या बांधाबांधावर उगवलं, संत्र्याच्या आळ्यातही शिरलं. मी म्हणतो उटकटारा. पण तो इतका कधी माजला नव्हता. बाया म्हणतात, गावातल्या विनोदच्या नव्या बायकोनं, छायानं, बाहेरून शेणखत आणलं त्यातून आलं. हळदीकुंकवात तिच्या तोंडावरच बोलल्या. मीही हो म्हटलं. ती उठून गेली, तवापासून मनाले बरं नाही.

लाड मागून, आधी कामाचं लिही.

तुझी आजी

पांढुर्णा, १५ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आईचं अक्षर सुधारलं नाही, हे तिलाच वाचायला लाव.

आजी, हा उटकटारा नव्हे. त्याचं फूल निळसर, चेंडूसारखं गोल. हे जांभळं, झुपकेदार. पानावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. हे परदेशातलं तण आहे. बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. फुलण्याआधी मुळासकट उपटा. फुललेलं बोंड कापून टाकलं तरी बी पिकतं, म्हणून पोत्यात भरून जाळा.

पुढचं लिहायला हात धजत नाही. मागच्या वर्षीच्या संक्रांतीला तू लोधीखेड्याच्या रस्त्यावरून वेचलेलं बी औषधी म्हणून पुड्या बांधून वाण दिलंस. माझी पुडी मी कुंडीत पेरली होती. तिथं हेच पान आलं आहे.

तुझ्यावरची माया तशीच आहे, हे आधी समज.

तुझी मानसी

बोरगाव, २३ फेब्रुवारी

चि. मानसीस अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईनं, अमितानं, दोनदा वाचून दाखवलं. वाटलं, पहिल्यांदा चुकली असन. अंगठाछाप बाई झाडपाल्याची पंडितीण म्हणून मिरवत होती. पंडितीणबाईनं सतरा घरी काटे वाटले.

दिलेलं वाण कोणी परत मागत नाही. मी पोतं घेऊन सोळा घरी मागितलं. वच्छला हसली, बाकीच्यांनी बोटानं झाड दाखवलं. हसली ते बरं वाटलं. उपटता उपटता हाताची चाळण झाली, ते कमीच.

छायाचं घर शेवटी ठेवलं. तिच्या अंगणात या काट्याचं एकही झाड नव्हतं. तिनं पुडी पेरली होती. पान निघाल्यावर ओळखलं, धुऱ्यावरचं हेच, आन मुकाट्यानं उपटून टाकलं. म्हणजे हळदीकुंकवात बाया बोलत होत्या तवा तिले सारं माहीत होतं. मग सांगितलं का नाही, मी विचारलं. म्हणे, आजी, तुमी समोरच बसल्या होत्या.

तिनं पाणी दिलं.

बुधवारी बाया भजनाले जमतात, तिथं सांगणार हाव. अमिता म्हणते, तुमच्या वतीनं मी सांगतो. नाही म्हटलं. चिठ्ठी तिच्या हातची चालते, हे माझ्याच तोंडानं पाहिजे.

जमलं तर माया थोडी शिल्लक ठेवजो.

तुझी आजी
(अंगठा)