अंगठ्याला बांधलेली दोरी

मारेगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रियंका हीस,
बाबांचे अ. आ. आणि सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, त्याबद्दल रागावू नको. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. बाळाची बातमी तू चार ओळींत लिहिलीस आणि त्याखाली बोटीला कोणता रंग दिला ते पानभर. मी त्या चार ओळीच वाचत बसलो. अशी बातमी आधी तुझ्या आईच्या कानावर पडायला हवी होती. ती जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे माझ्या एकट्याच्या वाट्याला आली. आनंद झाला, आणि आनंदामागोमाग काळजी आली.

फोनवर तू बोललीस तेव्हा मला नुसती घरघर ऐकू आली. चाळीस वर्षं जिनिंगच्या मशीनजवळ बसून कापसाचे बोरे शिवले, त्यात कान गेले. म्हणून पत्रच लिहीत जा. पत्र तीनदा वाचता येतं.

तुमची बोट सव्वीस फूट आहे असं तू लिहिलंस. मी आपल्या दारापासून पावलं टाकून मोजलं. शेजारच्या विमलताईच्या न्हाणीपाशी संपली. एवढ्या जागेत तुम्ही दोघं राहता, रांधता, झोपता आणि वर शीड लावून समुद्रात जाता. मी धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, म्हणून विचारतो. आंघोळ कुठं करतेस. चालताना कशाला धरतेस. काठावर बसत तर नाहीस ना. विमलताई म्हणते, भाऊ, तुह्या पोरीले पोहता येते, तुले काहून दम लागून राह्यला. तिला हसायला काय जातं.

आता जे लिहायला महिना लागला ते लिहितो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आपलं माहेर म्हणजे दोन खोल्या आणि एक बहिरा म्हातारा. तरी तू यावंस असं मला फार वाटतं. जावईबापू पंधरा वर्षं नौदलात होते, त्यांना समुद्राचं कळतं, पण बाळंतिणीचं कोणालाही शिकल्याशिवाय कळत नाही. मलाही कळत नाही, मी शिकेन. त्यांना विचार आणि कळव.

तुझा,
बाबा


देवगड,
४ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,
प्रियंकाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र बंदरावरच्या चहाच्या टपरीवर मिळालं. टपरीवाली काकू म्हणाली, वडिलांचं अक्षर मोठं आहे, मन पण असणार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. आंघोळ मागच्या बाजूला बसून करते, आधी खाऱ्या पाण्यानं आणि शेवटी एक मग गोड्या पाण्यानं. गोडं पाणी कॅनमधून आणावं लागतं, म्हणून भांडीही खाऱ्यात धुते. भाताला एक वाटी समुद्राचं पाणी घातलं की मीठ लागत नाही. शेगडी दोन कड्यांवर झुलती टांगली आहे. बोट कलली तरी ती सरळ राहते, वरण सांडत नाही. चालताना धरायला दोन्ही बाजूंना दांडा आहे. काठावर मी बसत होते, आता नाही बसत. कपडे मात्र कधी पुरते वाळत नाहीत, मिठामुळे ओलसरच राहतात.

सकाळी जमिनीकडून वारा येतो, त्यावर आम्ही बाहेर पडतो. दुपारी समुद्राकडून वारा फिरला की त्यावर परत येतो. पर्यटक असले तर चार जणांना फिरवून आणतो. गेल्या आठवड्यात शीड हातभर फाटलं. धम्मरत्न शिवायला लागले, पण त्यांची शिवण सुटत होती. मी दाभण घेऊन तुमच्यासारखी बोऱ्याची शिवण घातली. ती अजून टिकली आहे. त्यांनी विचारलं, कुठं शिकलीस. मी म्हटलं, बाबांच्या मांडीवर बसून.

खाडीत नांगर टाकून झोपतो, तेव्हा नांगर सरकला तर बोट खडकावर जाईल ही भीती असते. म्हणून धम्मरत्न एका बारीक दोरीला शिसं बांधून तळाशी सोडतात आणि थोडी ढील ठेवून दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधतात. बोट सरकली की शिसं तिथंच राहतं आणि अंगठा ओढला जातो. मी हसते, पण त्या दोरीमुळेच मला झोप लागते.

बाबा, बाळंतपणासाठी इथल्या दवाखान्यात नाव घातलं आहे. तुम्ही बोलावलंत, माझं पोट भरलं. पण धम्मरत्नच्या आई गावी अंथरुणाला खिळलेल्या, मदतीला येऊ शकत नाहीत, आपल्या घरात बाईमाणूस नाही, आणि बाळ रडलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही. तुम्हाला खोटं कारण लिहायला जमलं नाही. मन दुखावून घेऊ नका.

तुमची,
प्रियंका


मारेगाव,
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रियंका हीस,
बाबांचे अ. आ. आणि जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. मन दुखावलं. दोन दिवस मी ते कोणाला दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी विमलताईनं माझ्या खिशातून काढून वाचलं आणि मलाच बोलली. म्हणे, पोरगी खरं बोलली तं राग कायचा, तुले ढोल वाजलेला आयकू येत नाही, लेकराचं काय घेऊन बसला. मी म्हटलं, मग मी काय करू. ती म्हणाली, ते मले काय इचारतं, पत्र पुरं वाच.

मग मी पुरं वाचलं. जावईबापूंच्या अंगठ्याची दोरी मी आधी काळजीपोटी घाईनं वाचून सोडून दिली होती.

विमलताईची लेक चार महिन्यांची पोर घेऊन आली आहे. मी आपल्या आतल्या खोलीत पाळणा टांगला, त्यात पोर निजवली, त्याला सुतळी बांधली, दाराच्या फटीतून बाहेर घेतली आणि माझ्या अंगठ्याला बांधून दुपारी खाटेवर पडलो. पहिल्या दिवशी अकरा वेळा उठलो. पोर एकदाही जागी झाली नव्हती. कधी वाऱ्यानं पाळणा हलला, कधी मीच कूस बदलली. विमलताई दारात बसून तूर निवडत होती. तिनं माझं उठणं मोजलं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोटभर ढील दिली. तेव्हा नुसत्या वाऱ्यानं जाग आली नाही आणि पोरीनं पाय झाडले तशी आली. तिची आई चुलीपाशी होती, तिच्याआधी मी पाळण्यापाशी पोचलो. तिसऱ्या दिवशी विमलताईनं परीक्षा म्हणून गुपचूप सुतळी ओढली. मी उठून गेलो तर पोर झोपलेली आणि ही बाई तोंडाला पदर लावून बसलेली.

अजून सांगतो. खाटेची नवार नवीन घातली. न्हाणीला दार लावून घेतलं, आधी पडदा होता. डिंकाचे लाडू शिकलो. पहिले लाडू इतके कडक झाले की विमलताई म्हणाली, भाऊ, हे बोटीले नांगर म्हणून पाठव. दुसरे बरे झाले. बाळाला तेल लावून अंघोळ घालायला ती स्वतः येणार आहे. तसं तिनं कबूल केलं आहे आणि ती शब्द मोडत नाही. वणीचा दवाखाना रिक्षानं तासाभरात येतो. रिक्षावाला रोशन आपल्याच गल्लीतला आहे, त्याला सांगून ठेवलं आहे. रोज आठवण देतो म्हणून तो आता मला पाहून गल्ली बदलतो.

आता तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. तिथल्या डॉक्टरवर विश्वास असेल, जावईबापूंना सोडवत नसेल, तर तसं लिही. फक्त माझ्या कानांमुळे नाही म्हणू नको.

तुझा,
बाबा


देवगड,
२८ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मी येते आहे. डॉक्टरांनी सातव्या महिन्यात प्रवासाला हो म्हटलं. सहा जानेवारीला धम्मरत्न मला वणीमार्गे घरी आणून सोडतील आणि दुसऱ्या दिवशी परततील. बोट फार दिवस एकटी ठेवता येत नाही.

तुमचं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाबा पाळण्यासाठी अकरा वेळा उठले, मी नांगरासाठी दोनदा उठतो, तू तिकडेच जास्त सुखरूप राहशील. तेवढं म्हणून त्यांनी फळीखालून माझी पिशवी काढली.

कानांचं कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं. आई नसलेल्या घरात पाय ठेवायची मला भीती वाटत होती. न्हाणीला दार लावलं हे वाचलं आणि ती भीती गेली. इतका विचार आईनंच केला असता.

लाडू ठेवा. कडक असले तरी चालतील.

तुमची,
प्रियंका


मारेगाव,
२६ मार्च २०२५

चि. जावईबापू धम्मरत्न यांस,
उकंडाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्ही चार दिवस राहून गेलात, त्याला आज आठवडा झाला. समोर असताना बोलणं झालं नाही. तुम्ही बोलायचात, मी ऐकू आल्यासारखी मान हलवायचो. प्रियंकानं नंतर सांगितलं की तुम्ही मला दोनदा चहा विचारलात आणि दोन्ही वेळा मी पाऊस नाही म्हणालो. म्हणून राहिलेलं लिहितो.

लेक आणि नात दोघी चांगल्या आहेत. तुम्ही गेल्यावर पोरीचं वजन पाव किलोनं वाढलं. विमलताई रोज सकाळी येऊन तिला तेल लावते. प्रियंका अजून दारातून वाकून जाते, डोकं आपटेल म्हणून. डब्यांची झाकणं दोरीनं बांधून ठेवते. एका मगात तोंड, हात, पाय सगळं धुते. विमलताई ओरडते, अवं, नळाले पाणी हाये, कायले जीव मारून राह्यली. सुरुवातीला प्रियंका म्हणायची, जमीन हलल्यासारखी वाटते. आता म्हणत नाही.

तुम्ही येण्याआधी घडलेली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. अकरा मार्चला दवाखान्यात नर्सनं बाळ आणून माझ्या हातावर ठेवलं. तोंड एवढं मोठं उघडलेलं, चेहरा लाल, पण मला काही ऐकू येईना. मी घाबरलो. वाटलं, रडत नाही, काही झालं. मग माझ्या तळहाताखाली तिची पाठ थरथरताना लागली. थांबली, पुन्हा लागली. नर्स हसत काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, असू द्या, मला ऐकू येतंय. जावईबापू, ते खोटं नव्हतं.

घरी आल्यापासून सुतळी माझ्या अंगठ्याला आहे. प्रियंका म्हणते, बाबा, तुम्ही दिवसा तरी सोडा. दिवसा सोडतो.

तुमचे उपकार मानायचे आहेत. बायकोला सातव्या महिन्यात दूर पाठवून तुम्ही तिकडे एकटे राहिलात. शीड एकट्यानं ओढलं, पर्यटक एकट्यानं फिरवले, खिचडी करून खाल्ली. माझ्यासारख्या माणसावर कोणी एवढा विश्वास टाकला नव्हता. जिनिंगमध्ये मालक बोरे मोजून घ्यायचे. तुम्ही काही मोजलं नाही.

मे महिन्यात पावसाआधी तुम्ही बोट किनाऱ्यावर ओढणार आणि मग दोघींना न्यायला येणार, असं प्रियंका सांगते. देवगडला खोली बघितली आहे, पावसाळाभर तिथं राहाल, हेही सांगते. ते बरोबर आहे. बाळानं बापाजवळ असावं. मी अडवणार नाही, डोळ्यांत पाणी आणून तुम्हाला अवघडवणारही नाही.

फक्त तारीख आधी कळवा. सकाळी उठलो की आता घरात विमलताईसकट तीन कप लागतात, त्याची मला सवय झाली आहे. पंधरा दिवस आधी कळलं तर एक कप भरायची सवय हळूहळू करता येईल. एकदम जमणार नाही.

आणि तुम्ही सध्या बोटीत एकटे आहात, वारा कसा आहे, जेवता की नाही, हे आम्हाला कळत नाही. प्रियंका फोन पाहून सगळं ठीक आहे म्हणते, पण तिच्या फोनमधलं बारीक अक्षर मला वाचता येत नाही. दोन ओळी लिहा, अक्षर मोठं काढा, आणि पत्र लवकर टाका.

तुमचा,
उकंडा