शिंगांना सोनेरी कापड

सोमवार, १७ फेब्रुवारी

तर सगळ्यात आधी आली ती लासिया. पाहुण्यांची पेटी अजून दारातून आत यायची होती, तेवढ्यात ही भिंतीपलीकडच्या घरातून ओले केस पुसत हजर. म्हणे, मीठ आहे का थोडं. समुद्राच्या काठावर राहते आणि मीठ मागते!

पाहुणे दोघं, पलीकडच्या बालीहून होडीने आलेले. गेदे म्हणून एक हसरा पोरगा, आणि लुह. दिसते त्याच्याहून लहान, पण साहेब तीच. त्यांचं चार पंखांचं ड्रोन समुद्रावरून औषधांचा डबा घेऊन आमच्या बेटावर उतरणार. उतरायला सपाट अंगण हवं. वाडीत तशी दोनच, माझं आणि लासियाचं. माझं पसंत केलं! समुद्रशेवाळ वाळवायला आमच्या ह्यांनी सिमेंट घातलं होतं, ते असं कामी आलं.

सध्या नुसतं टेस्टिंग. जमलं तर ड्रोनचा तळ कायमचा इथंच, आणि दवाखान्याचा माणूस डबा न्यायला रोज येणार. रोज! मुलगा केतुत बायकोपोरांना घेऊन शहरात, देनपासारला गेला, तेव्हापासून कोंबड्या सोडल्या तर या अंगणात रोज कुणी येत नाही. तशी मला माणसांची गरज नाही. पण अंगणाला असते.

निश्चय: मध्ये पडायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. तोंड बंद.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आलं! भुंग्यासारखं घुमत आलं. लासिया भिंतीवरून बघत होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही. तीनदा बघितलं नाही.

पण उतरलं तेव्हा बॅटरी पार तळाला. लुहचं तोंड एवढंसं झालं. तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं, म्हणून एकदाच विचारलं, काय झालं गं. मग आणखी एकदा.

लुहने बसवून समजावलं. ड्रोनच्या पोटाखाली दोन शिंगं आहेत, त्यांतून ते फोनच्या टॉवरशी बोलतं. खाली घरं, टेकड्या आड येतात, म्हणून आपल्या फोनला जवळचाच टॉवर ऐकू येतो. वर आडवं काहीच नाही. बालीचे टॉवर, आपले, पार लोंबोक बेटावरचे, सगळे एकदम कानात. मग ते याला सोडून त्याला धरतं, त्याला सोडून तिसऱ्याला. या धरसोडीतच बॅटरी जाते. म्हणून त्याला शिकवायचं, की बाबा एकालाच धरून राहा, हळू बोल, सारखे कान टवकारू नकोस.

मी म्हटलं, अगं, ही तर आमची लासिया! भिंतीवर चढते, अख्ख्या वाडीचं ऐकते आणि दुपारी दमून घोरत पडते. गेदे म्हणाला, आजी, ती घोरते हे तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, भिंतीवरून ऐकू येतं.

हुशार आहेत पोरं, पण त्यांना मोठ्या माणसाची गरज आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज तुम्पेक लांदेप, लोखंडाची पूजा. कोयता, विळी, शिलाई मशीन, केतुतची न चालणारी मोटरसायकल, सगळ्यांवर पाणी शिंपडलं, फुलं वाहिली. मग ड्रोनला कसं वगळायचं? लुह म्हणाली, करा की आजी, फक्त फुलांची परडी नंतर उतरवा, वजन नको. गेदे हात जोडून बसला. त्याच्या कपाळाला तांदूळ लावले, ड्रोनच्याही लावले. ड्रोनचे राहिले, त्याचे नाकावर आले.

मनाला काही पटेना. सगळं काम शिंगांचं, आणि मान कुणाला, तर पंखांना! दोघं जेवायला बसल्यावर सासूची पेटी उघडली. देवळातल्या मूर्तीला नेसवतो ते सोन्याच्या वर्खाचं कापड काढलं. शिंगांवर काळ्या टोप्या असतात. त्या ओढून काढल्या, आत एक एक पट्टी घट्ट गुंडाळली, टोप्या परत बसवल्या. कुणाला सांगितलं नाही. मिरवायची सवय नाही मला.

आता बॅटरी संपली तर नाव बदलीन.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नाव बदलायचा प्रश्न नाही, कारण यात माझा दोष नाही.

बालीकडे निघालं, समुद्रावर जरासं गेलं, गरकन वळलं आणि ओहोटीच्या पाण्यात शेवाळ लावायच्या दोऱ्यांवर येऊन बसलं. गेदे कपड्यांसकट पाण्यात. काठावर लासिया. म्हणते कशी, पाहुण्यांनी मासे धरायला आणलंय का गं ते?

लुह स्क्रीन बघून म्हणाली, आज ह्याचा आवाज टॉवरपर्यंत पोचतच नाहीये, म्हणून जिवाच्या आकांताने ओरडतंय. ओरडण्यात सगळी बॅटरी गेली. असं आधी कधी झालं नव्हतं.

मी लगेच ओळखलं. गळा धरलाय! निघताना लासिया दोनदा म्हणाली होती, किती छान दिसतं गं. नजर लागली.

केतुतचा फोन आला. म्हणाला, आई, तू त्यांच्या मध्ये मध्ये करत नाहीस ना? म्हटलं, मी कुठं करते. पोराला आईची पारखच नाही.

रात्री शिंगांना आणखी दोन दोन वेढे. टोप्या बसेनात, गुडघ्याने दाबल्या.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

वाळवून, पुसून परत उडवलं. भिंत ओलांडली आणि धपकन खाली. भिंतीपलीकडे लासियाची डुकरं. डुकरीण दोरीसकट देवळाकडे पळाली, तिच्यामागे लासिया, तिच्यामागे गेदे. इतकी करमणूक लग्नातही झाली नव्हती.

मग लुहने टोप्या काढल्या. कापड निघत राहिलं, निघत राहिलं. गेदे हसून हसून जमिनीवर बसला. लुह हसली नाही. विचारलं, आजी, हे कधीपासून? मी ताठ मानेनं सांगितलं, पूजेपासून. म्हणून तर एवढं तरी उडालं!

ती म्हणाली, आजी, हा धातूचा वर्ख आहे. आवाज बाहेर पडू देत नाही. तोंडात बोळा कोंबून आपण त्याला ओरड म्हणतोय.

बिचारीची झोप होत नाही, म्हणून असं बोलते. कॉफी दिली. कापड धुऊन वाळत घातलं.

निश्चय: ड्रोनला हात लावायचा नाही.

सोमवार, ३ मार्च

जमलं! आलं आणि गेलं, दोन्ही वेळा व्यवस्थित, एका टॉवरला धरून, आणि बॅटरी निम्मी शिल्लक. कापड नव्हतं, पण इतके दिवस गुंडाळलेलं, मुरलं असणार.

एक सांगायचं राहिलं. उतरलं ते लासियाच्या अंगणात. लुह म्हणाली, तिथं शांतता असते. बरंच झालं, माझ्या सिमेंटला जरा विश्रांती. दुपारभर तिकडून कपांचे आवाज येत होते. तिच्या कपांना कान नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

तळ कायमचा लासियाकडे. टेस्टिंग संपलं. दवाखान्याचा माणूस सकाळी माझ्या दारावरून गेला. मी हात केला, त्याने हॉर्न दिला. म्हणजे तसं रोज येणं झालंच की.

पाहुणे निरोप घ्यायला माझ्याकडे आले. लुह वाकून नमस्कार करून म्हणाली, आजी, तुमच्या हातची कॉफी विसरणार नाही. नारळगुळाचे गोळे बांधून दिले. विचारलं, पुन्हा कधी? लुह म्हणाली, बघू आजी. म्हटलं, बघू नाही, दिवस सांग. गेदेची बाही धरून ठेवली. होडीवाला हाका मारत होता. शेवटी गेदे म्हणाला, न्येपीला येतो आजी, नक्की! लुहने त्याला कोपराने ढोसलं. केवढी खूश झाली ती!

न्येपी म्हणजे आमचा नव्या वर्षाचा मौनाचा दिवस, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं. होड्या बंद, विमानं बंद, फोनचं नेट बंद, दिवासुद्धा लावायचा नाही. पोरं बालीचीच, त्यांना हे ठाऊक आहे. म्हणजे आदल्या दिवशी येऊन मुक्काम करणार, दुसरं काय! दोन चटया उन्हात टाकल्या. लासियाकडे मुक्कामाचं कुणी बोललेलं नाही.

कॅलेंडरवर खूण केली: न्येपी, शनिवार, २९ मार्च.