सहा मिनिटांत सोळाशे मीटर

७ फेब्रुवारी १९८९, मंगळवार
सगळं बदललं ते आज संध्याकाळी सव्वासहाला. कारखान्याच्या कँटीनमधलं काम संपवून आलो आणि बायकोचं, अलकाचं, इनलँड पत्र फोडलं. तिचं नर्सिंगचं ट्रेनिंग संपलं. एक मार्चपासून नागपुरात नोकरी, खोलीसकट. लिहिते, तुझी नोकरी कायम झाली तर मी भोपाळला येते, नाहीतर आपल्या सिंधूला इकडे आणून सोड. 'प्रिय' एकदाही नाही. दार आपटलं. वरची बिजागरी निखळली.

उपाय आहे. कारखान्याच्या फायर ब्रिगेडची भरती, कायम नोकरी, २६ तारखेला सकाळी सात. सोळाशे मीटर, सहा मिनिटं. जिच्यासाठी कॉलेज सोडलं तिच्यासाठी सहा मिनिटं पळणं काय अवघड? उद्यापासून कारखान्याच्या पहाटे साडेपाचच्या भोंग्याला उठणार. टाउनशिपमध्ये जन्मलेल्याला घड्याळ लागत नाही.

८ फेब्रुवारी
भोंगा झाला. उठलो. सिंधूही उठली. आप्पा, तिचे आजोबा, फर्स्ट शिफ्टला गेलेले. साडेतीन वर्षांच्या पोरीला एकटं कसं टाकणार? खांद्यावर बसवून पळालो. ग्राउंडच्या गेटवरचे गोपीनाथभैया म्हणाले, दौड़ रहे हो कि मेला घुमा रहे हो? म्हटलं, वेट ट्रेनिंग.

१० फेब्रुवारी
संध्याकाळीही पळणार होतो. सुपरवायझर विश्वास सगळ्यांसमोर 'मजनू' म्हणाला. झारा फेकून मारला. नेम चुकला. शिक्षा म्हणून आठवडाभर संध्याकाळी कढया घासायच्या. त्यानेही दंडाला व्यायाम.

१२ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. भोंगा नाही. तरी सिंधू सहालाच छातीवर बसली, पळायला चल. आठवड्यातून एकच दिवस झोप! ओरडलो, रविवारी बाबाला उठवायचं नाही म्हणजे नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. नऊला उठलो. शरीराला विश्रांती हवीच.

१७ फेब्रुवारी
सिंधूला ताप. शेजारच्या सुमित्राकाकू सांभाळते म्हणाल्या, पण ही माझा गळा सोडेना. कँटीन बुडवलं. तिला कडेवर घेऊन बैठका. ग्लानीत आईला हाका मारत होती. मीही मारणार होतो. चाळीस बैठका झाल्या मात्र.

२१ फेब्रुवारी
भैयांच्या घड्याळावर आठ मिनिटं दहा सेकंद. त्यातली दोन मिनिटं सिंधूने शेळी पाहिली. म्हणजे सहा-दहाच. वरचे दहा सेकंद काय, अलकाचा चेहरा आठवला की भरून निघतील.

२५ फेब्रुवारी, शनिवार
आप्पा लग्नाला इटारसीला चालले. जाताना म्हणाले, काकूंचं गजराचं घड्याळ आणून ठेवू का? भडकलो. तेवीस वर्षं भोंग्यावर उठतोय, मला शिकवता? पिशवी उचलून गेले.
बूट आणि अर्ज उशाशी. अलकाचा रुमाल खिशात. सहाला सिंधूला काकूंकडे सोडायचं. सगळं जय्यत.

२६ फेब्रुवारी
ऊन भिंतीवर आलं तेव्हा जाग आली. आठ-वीस. भोंगा झालाच नाही.
सिंधू उशाशी बसलेली. स्वतःचे बूट घातलेले, डावा उजव्यात. माझे बूट मांडीवर घेतलेले. ओरडलो, उठवलं का नाहीस? एकदम हळू बोलली. भोंगा नाही वाजला, म्हणजे रविवार. रविवारी बाबाला उठवायचं नाही.
तिला कडेवर घेऊन पळालो तरी. ग्राउंडचं फाटक बंद. भैया म्हणाले, सात बजे बंद हो गया, भाई. भांडायला तोंड उघडलं. त्यांनी आपला चहा पुढे केला. प्यायलो.

२८ फेब्रुवारी, दुपारी
अलकाला तार केली आहे, सिंधूला घेऊन येतोय. तीन फ्रॉक, एक स्वेटर, बूट पिशवीत. सिंधूने विचारलं, नागपूरला भोंगा असतो? म्हटलं, आई आपली आपण उठते.
उद्यापासून सकाळ मोकळी. कितीही पळता येईल.
पोरगी खांद्यावर झोपली आहे, एका हाताने लिहितोय. वही खिडकीत ठेवतो. बिजागरी बसवायची राहिलीच, दार उचलून लावावं लागतं. आपटलं तर उठेल. बाहेर पडतो. उचलतो. हळू लावतो.