द्वारकाकाकूंना आधी विचार

जालना, सोमवार

ती. आईस, पाया पडते.

१. काल आपले शेजारी पुंजारामकाका माझ्या वॉर्डात कोरोनानं गेले.
२. गेल्यावर त्यांचा व्हेंटिलेटर मीच बंद केला.
३. तो साफ करून दुसऱ्या पेशंटला लावला.
४. नंतर डबा खाल्ला.

माझी टेस्ट निगेटिव्ह आहे. झोपही लागते. तुझा गुडघा कसा आहे?

दहाव्याला घनसावंगीला आले की द्वारकाकाकू माझ्या गळ्यात पडून रडतील. मला हल्ली कुणासाठीच रडू येत नाही. मला सायकल शिकवणाऱ्या काकांसाठीही आलं नाही.

सोबतची नर्स रेणू म्हणाली, "मंग ओढणीत कांदा बांधून ने की, बाई!" मला हसूही आलं नाही.

मी कोरड्या डोळ्यांनी आलेली काकूंना चालेल का, एवढं विचार. फोन नको, तू रडशील आणि मी गप्प राहीन. शुक्रवारपर्यंत चिठ्ठी पाठव.

तुझी
वर्षाराणी